रात्रीचा रस्ता आणि उभी गाडी

दिवाळी सरते न सरते तोच आपल्या दौंड व शिरूर तालुक्यांत उसाच्या गळिताची धामधूम सुरू होते. भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांच्या काठचे मळे, तसेच खडकवासला व चासकमान यांच्या कालव्यांखालील रान, या सर्वांचा ऊस चार-पाच महिन्यांत कारखान्याच्या काट्यावर जावा लागतो. राहू-केडगावकडील गुऱ्हाळांचा ऊस व गूळ, केडगावच्या बाजारात येणारा कांदा आणि कुरकुंभ व रांजणगाव येथील उद्योगांच्या मालमोटारी याच दिवसांत त्याच रस्त्यांवर असतात. दिवसा ही सर्व वाहने दिसतात व माणूस जपून जातो. रात्र पडली म्हणजे मात्र यांपैकी पुष्कळ वाहने जेथल्या तेथे, रस्त्याच्या कडेला, दिव्यावाचून उभी राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय चालती गाडी हा नसून ही रात्रीची उभी गाडी हा आहे.

मी महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. रस्ता, बांध, गायरान व अतिक्रमण यांची प्रकरणे लिहिण्यात माझी उमेद गेली. तथापि या विषयावर लेखणी उचलण्याचे कारण कचेरीतील नाही, घरचे आहे. ते आधी सांगतो. म्हणजे पुढील कलमे व आकडे वाचकांस कोरडे वाटणार नाहीत.

तीन वर्षांमागे माघ महिन्यात आमच्या एका भाऊबंदाची उसाने भरलेली जोडट्रॉली गावाबाहेरच्या वळणावर अडकली. मागील ट्रॉलीचे टायर फुटले होते. त्याने चाकांना दगड लावले, ट्रॅक्टर सोडून घरी नेला आणि उद्या सकाळी टायर आणू असे ठरविले. ट्रॉलीची निम्मी रुंदी डांबरावर व निम्मी साइडपट्टीवर होती. खूण म्हणून मागे एक बाभळीचा फांटा टाकलेला होता. दिवेलागणीस मी त्याच वाटेने घरी आलो. ट्रॉली पाहिली. येथे दिवा हवा, असे मनात आलेही. परंतु गाडी आपल्या माणसाची, जागा त्याच्याच वावरासमोरची, आणि रात्र काय, एकच. असे म्हणून मी पुढे गेलो.

पहाटे साडेचारच्या सुमारास शेजारच्या वस्तीवरील एक तरुण दुधाच्या किटल्या मोटारसायकलीस बांधून डेअरीकडे निघाला होता. समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याने त्याचे डोळे दिपले आणि तो सरळ ट्रॉलीच्या मागच्या उसावर आदळला. जीव वाचला, पण उजवा पाय मांडीत मोडला तो पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. दुधाचा धंदा बंद पडला. ट्रॉलीच्या विम्याची मुदत संपलेली असल्यामुळे भरपाईचा भार आमच्या भाऊबंदावर आला व त्याची दोन सालांची उसाची बिले त्यात गेली. मी त्या मुलाच्या समाचारास गेलो तेव्हा त्याची आई मला एवढेच म्हणाली, "भाऊसाहेब, तुम्ही संध्याकाळी त्याच वाटेने आला होतात ना?" त्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

रस्ता कोणाचा?

आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत असते की, वावरासमोरचा रस्ता आपल्या वहिवाटीचा, व साइडपट्टी तर आपल्या बांधाचाच भाग. ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० अन्वये सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, शासनाच्या मालकीच्या आहेत. रस्त्याची हद्द डांबराबरोबर संपत नाही. डांबर, दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या व गटारे मिळून रस्ता होतो. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व त्याच साखळीच्या चौरसास आपण गुंठा म्हणतो. गाव नकाशा उघडून पाहिला म्हणजे आपल्या वावरापुढे रस्त्यास किती जागा सोडलेली आहे हे तलाठी कार्यालयात कोणासही समजू शकते.

रस्त्यांचे वर्ग निरनिराळे आहेत. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ यांवरून जाणारा पुणे-सोलापूर रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ होय. शिक्रापूर, रांजणगाव व शिरूर यांवरून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो. त्यांखाली राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग येतात व त्यांची व्यवस्था सामान्यतः सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असते. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग यांची निगा बहुधा जिल्हा परिषद ठेवते. गावठाणातील रस्ते ग्रामपंचायतीकडे असतात. तक्रार कोठे करावयाची हे या वर्गावरून ठरते. परंतु रस्त्यावर गाडी धोक्याने उभी करू नये हा नियम सर्व वर्गांस सारखाच लागू आहे. मोटार वाहन कायद्यात ज्या ठिकाणी लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी प्रत्येक वाट 'सार्वजनिक जागा' या व्याख्येत येते. तेव्हा हा महामार्ग नव्हे, आमचा वाडीचा रस्ता आहे, ही सबब चालत नाही.

उभी गाडी घातक का होते?

हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकदा तरी मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे मिनिटास १,००० मीटर, म्हणजे एका सेकंदात सुमारे १७ मीटर. समोर अडथळा आहे हे डोळ्यांनी टिपणे, मनाने ओळखणे व पायाने ब्रेक दाबणे यांस रस्ते बांधणारे इंजिनिअर अडीच सेकंद धरतात. तेवढ्या वेळात गाडी सुमारे ४२ मीटर पुढे गेलेली असते. पुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी ३८ मीटर जातात. म्हणजे एकूण सुमारे ८० मीटर अंतर हवे. वेग ४० असेल तर सुमारे ४५ मीटर व ८० असेल तर सुमारे १२० मीटर लागतात.

आता दुसरी बाजू पाहू. समोरून वाहन येत असता दिवा खाली करावा लागतो. खाली केलेल्या दिव्याच्या उजेडात काळपट, न चमकणारी वस्तू फार तर ३० ते ४० मीटरांवरून नीट दिसते. उसाची मोळी, चिखलाने माखलेली ट्रॉली व वाळलेले पाचट यांचा रंग रात्रीच्या रस्त्याशी मिळून जातो. म्हणजे ताशी ६० च्या वेगाने येणाऱ्या माणसास ट्रॉली दिसते तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर पडण्याच्या आतच तो तिच्यापाशी पोचलेला असतो. येथे त्याचा दोष किती, हा वाद पुढे कोर्टात होईल. पण ८० मीटर लागत असता ४० मीटरच मिळाले, तर उरलेले ४० मीटर कोणाच्याही कौशल्याने भरून निघणार नाहीत. ते भरून काढण्यास एकच साधन आहे. उभी गाडी दुरून दिसली पाहिजे, नाहीतर ती रस्त्यावर नसली पाहिजे.

रस्त्याच्या रुंदीचाही विचार करावा. एकेरी ग्रामीण रस्त्याचे डांबर पुष्कळदा पावणेचार मीटर रुंद असते. ट्रॉलीने त्यातील दीड मीटर अडविले तर सव्वादोन मीटर उरतात. एस. टी. ची गाडी सुमारे अडीच मीटर रुंद असते. म्हणजे तिचे एक चाक पलीकडच्या साइडपट्टीवर उतरलेच पाहिजे. काळ्या रानातील साइडपट्टी कालव्याच्या पाझराने ओली असली तर तेथे गाडी कलते. रुग्णवाहिका किंवा आगीचा बंब यांस अशा ठिकाणी खोळंबावे लागले तर त्याची किंमत भलत्याच घरास द्यावी लागते.

ट्रॉलीसंबंधी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्यास वीज मिळते ती ट्रॅक्टरच्या बॅटरीतून, वायरच्या पिनेवाटे. ट्रॅक्टर सोडून नेला की ट्रॉलीचे दिवे मेले. चालती ट्रॉली निदान दिव्याने दिसते. सोडलेली ट्रॉली पूर्ण आंधळी होते. मग आधार राहतो तो रेडियमच्या पट्ट्यांचा. रेडियम स्वतः प्रकाशत नाही. समोरच्या दिव्याचा उजेड परत फेकते. त्यावर चिखल बसला, किंवा मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी ते झाकले गेले, तर असून नसून सारखेच. वळणावर मागून येणाऱ्याच्या दिव्याचा झोत सरळ जातो, ट्रॉलीवर पडत नाही. तेथे रेडियमचाही उपयोग उशिरा होतो. सायकलस्वारास व पायी जाणाऱ्यास तर काहीच उपयोग नाही.

बैलगाड्यांची गोष्ट निराळी नाही. ऊसतोडीच्या टोळ्या बीड व अहिल्यानगरकडून येतात. त्यांच्या टायरगाड्या रात्री-अपरात्री फडातून निघतात व काट्यावर नंबर लागेपर्यंत रांगेत उभ्या राहतात. पूर्वी गाडीवानाच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. तो डुलता कंदील मैलभरावरून दिसे. गाड्यांचे लाकडी चाक जाऊन टायर आले, आणि कंदीलही गेला; पण त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १२२ थोडक्यात असे आहे: वाहन ताब्यात असणाऱ्या माणसाने ते वाहन अथवा त्याची ट्रॉली सार्वजनिक जागेत अशा ठिकाणी, अशा स्थितीत वा अशा परिस्थितीत उभी ठेवू नये, की जेणेकरून इतरांस धोका, अडथळा वा गैरसोय होईल किंवा होण्याचा संभव असेल. कलमात ट्रॉलीचा, म्हणजे मागे जोडावयाच्या गाडीचा, स्पष्ट उल्लेख आहे. 'होण्याचा संभव' हे शब्दही ध्यानात घ्यावेत. अपघात झालाच पाहिजे असे नाही. धोका निर्माण केला की कलम लागू होते. या कलमाच्या भंगाबद्दल कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत व पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

कलम १२७ अन्वये दहा तास वा अधिक काळ बेवारशी सोडलेले, किंवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन ओढून नेण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास आहे. वाहनामुळे रहदारीस धोका होत असेल तर दहा तास थांबण्याचेही कारण नाही. ओढून नेण्याचा खर्च मालकाने द्यावयाचा असतो व तो दंडाशिवाय वेगळा असतो.

रस्त्यावर वाहन कोठे उभे करू नये याचेही नियम आहेत. वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलावर, चौकाजवळ, वेगवान रहदारीच्या मुख्य रस्त्यावर, शाळा, दवाखाना व बसथांबा यांच्या तोंडाशी, रस्त्याच्या उलट्या बाजूस, तसेच उभ्या असलेल्या दुसऱ्या वाहनासमोर वा त्यास लागून, गाडी उभी करू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०९ प्रमाणे मोटार वाहनास पुढे व मागे, रस्त्यावर उभे असतानाही चालू राहतील असे दिवे असावे लागतात. बैलगाडीस मोटार कायदा लागत नाही. पण १९५१ च्या पोलीस कायद्याप्रमाणे रस्त्यावर गाडी वा जनावर देखरेखीवाचून सोडणे अथवा त्यांनी वाट अडविणे हा अपराधच आहे.

हे झाले दंडाचे. खरी जबाबदारी याहून मोठी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ अन्वये सार्वजनिक रस्त्यात धोका वा अडथळा उत्पन्न करणारास ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हयगयीने कोणाचा मृत्यू घडला तर कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितलेला आहे. जुन्या दंड संहितेत ही कैद दोन वर्षांपर्यंत होती.

'गाडी उभी होती, मी ती चालवीतच नव्हतो. मग माझी जबाबदारी कशी?' असे पुष्कळ लोक विचारतात. याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका प्रकरणात मिळते. १९८७ साली सातारा जिल्ह्यात रात्री ट्रकची धडक लागून पेट्रोलचा एक टँकर महामार्गाच्या कडेला कलंडला. काही तासांनी, सकाळी, त्याचा भडका उडून तेथे जमलेले अनेक गावकरी दगावले. टँकर त्या वेळी चालत नव्हता, म्हणून ही हानी 'वाहनाच्या वापरातून' झाली नाही, असे पुढे मांडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हे म्हणणे अमान्य केले व स्थिर असलेले वाहनही वापरातच असते असे ठरविले. तेव्हा उभ्या ट्रॉलीमुळे झालेल्या इजेची भरपाई मागता येते, हे निश्चित समजावे. ट्रॅक्टरचा विमा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. ट्रॉलीची नोंदणी व विमा स्वतंत्र असावा लागतो. शेतीच्या नावाने उतरविलेल्या विम्यावर भाड्याची वाहतूक केली असता विमा कंपनी वाद घालते. आमच्या घरी जे घडले ते वर सांगितलेच आहे.

परदेशांतही या प्रश्नाकडे असेच पाहतात. इंग्लंडात ताशी ३० मैलांहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यावर रात्री वाहन उभे करावयाचे तर दिवे लावून ठेवावेच लागतात, आणि दिव्यावाचून ट्रॉली रात्री रस्त्यावर सोडण्यास मुळीच परवानगी नाही. अमेरिकेतील थंड मुलखात अनेक गावी हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी ठेवण्यास बंदी असते. कारण बर्फ सारणाऱ्या यंत्रांस वाट मोकळी लागते. तेथे बर्फ, येथे ऊस; परंतु दोहोंतील तत्त्व एकच. रस्ता हा जाण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नाही.

मग गाडी ठेवावी कोठे?

नुसती मनाई करून हा प्रश्न सुटणार नाही, हे मी जाणतो. शेतकऱ्याचे म्हणणेही रास्त आहे. वस्तीवर जोडट्रॉली वळविण्यास जागा नसते. काट्यावरील आवार भरले की रांग रस्त्यावर येते. रानात गाडी ठेवली तर रात्री डिझेल व बॅटरी चोरीस जाण्याचे भय असते. म्हणून जागेची सोय आधी व सक्ती मागाहून, असा क्रम असावा.

आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न सोडविला होता. प्रत्येक मोठ्या पेठेच्या तोंडाशी गाडीतळ असे. गाड्या तेथे सुटत, बैलांस पाणी मिळे, गाडीवान भाकरी खाऊन झोपत व रस्ता मोकळा राही. हडपसरास आजही गाडीतळ हे नाव टिकून आहे. हाच गाडीतळ नव्या रूपात गावोगावी पुन्हा हवा. कायद्यात त्यास जागा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ अन्वये शासन अथवा त्याने नेमलेले अधिकारी, स्थानिक संस्थेच्या विचाराने, वाहने उभी करण्याच्या जागा ठरवू शकतात. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यात गाडीतळाची फी घेण्याची तरतूद आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ५३ ने रस्त्यावरील अडथळे दूर करण्याचा अधिकारही पंचायतीस दिला आहे.

जागा किती लागेल? ट्रॅक्टरसह जोडट्रॉलीची लांबी सुमारे १८ मीटर धरावी व रुंदीस मोकळीक ठेवून ४ मीटर. म्हणजे एका गाडीस ७२ चौरस मीटर. वळण्यासाठी तेवढीच आणखी धरली तर सुमारे १५० चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठा. दहा गाड्यांस १५ गुंठे पुरतात. गायरान अथवा शासकीय पड जमीन त्यासाठी घ्यावयाची असेल तर ग्रामसभेच्या ठरावाने भागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ठरावाची नक्कल, सात-बारा उतारा व जागेचा नकाशा जोडून अर्ज तहसीलमार्फत करावा. एवढा वेळ नसेल तर ज्याचा ऊस लवकर तुटून खोडवा ठेवावयाचा नाही अशा शेतकऱ्याचे रस्त्यालगतचे रिकामे रान हंगामापुरते खंडाने घ्यावे. त्यावर मुरूम टाकावा, पाण्याचा निचरा करावा व आत-बाहेर जाण्याचे तोंड वळणावर ठेवू नये. एक दिवा व एक राखणदार असला म्हणजे चोरीचे भयही उरत नाही. दहा ट्रॉलीवाल्यांनी वर्गणी केली तर राखणदाराचा पगार कोणासही जड जाणार नाही. कारखान्यांनीही आवारात मावतील तेवढ्याच गाड्यांस वेळ देऊन बोलवावे, अशी मागणी सभासदांनी वार्षिक सभेत करावी. तो त्यांचा हक्क आहे.

लक्षात ठेवावयाचे नियम

१. सूर्यास्तानंतर भरलेली अथवा रिकामी ट्रॉली डांबरावर ठेवू नये. शक्य असेल तेथवर साइडपट्टीही सोडून आत घ्यावी.

२. टायर फुटले वा आस मोडला तर ट्रॅक्टर सोडून नेऊ नये. त्याचे दिवे चालू ठेवावेत. न्यावाच लागला तर ट्रॉलीच्या मागे व रस्त्याकडील बाजूस बॅटरीचा लाल दिवा बांधावा.

३. लाल त्रिकोण मागे निदान ५० मीटर, म्हणजे सुमारे ६५ पावलांवर ठेवावा. वेगवान रस्त्यावर १०० मीटरांवर. ट्रॉली वळणावर असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा. झाडाचा फांटा ही खूण नव्हे. रात्री तो दिसत नाही.

४. चाकास लावलेले दगड गाडी निघताना उचलून बांधावर टाकावेत. गाडी गेल्यावर मागे राहिलेल्या दगडांवर आदळून माणसे पडतात, व दगड कोणी ठेवला हे विचारण्यासही मग जागा नसते.

५. रोज खेपेस निघताना रेडियम ओल्या फडक्याने पुसावे. ऊस भरल्यावर वाढे मागे लोंबत असतील तर कापून टाकावेत. बैलगाडीच्या मागील फळीस व जुवास रेडियम चिकटवावे व आसाखाली दिवा टांगावा. मुकादमाने टोळी आणतानाच ही सोय करावी.

६. ट्रॉलीचा विमा व नोंदणी हंगामापूर्वी तपासावी.

७. दुसऱ्याची गाडी धोक्याने उभी दिसली तर मालकास कळवावे. मालक न सापडल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांस व राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर कळवावे. तोच अडथळा वारंवार होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ अन्वये, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ प्रमाणे, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतसाहेबांकडे, अर्ज करता येतो.

८. अपघात झालेला दिसल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी व जखमीस मदत करावी. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४-अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणारावर त्याबद्दल खटला होत नाही. पोलिसांच्या भीतीने निघून जाण्याचे कारण नाही.

यांतील सातवा नियम मी मुद्दाम घातला आहे. बाकीचे नियम ट्रॉलीवाल्याचे आहेत. हा एक वाटसराचा आहे. त्या संध्याकाळी मी भाऊबंदाच्या दारी जाऊन, 'अरे, ट्रॅक्टर परत ने आणि दिवे लाव,' एवढे बोललो असतो तर त्यास राग आला असता, कदाचित चार दिवस अबोला धरला असता. तो राग स्वस्त पडला असता.

आमच्या त्या भाऊबंदाने पुढच्या हंगामात वळणालगतचे आपले चार गुंठे रान मुरूम टाकून मोकळे ठेवले. आता गावातील ट्रॉल्या अडल्यास तेथे आत घेतल्या जातात. दोन गाड्यांपुरती ही जागा आहे. तिने गावाचा प्रश्न मिटत नाही. वाचकांस माझी विनंती एवढीच की, गळीत सुरू होण्यापूर्वी २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. तिच्या विषयपत्रिकेवर 'हंगामापुरता गाडीतळ' हा विषय घालण्यासाठी सरपंच व ग्रामसेवक यांच्याकडे सप्टेंबरातच लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. दिवाळीनंतर अर्ज दिला तर तो पुढच्या सालासाठी होतो, आणि या सालच्या रात्री तशाच काळोख्या राहतात.